दुसरा लिओपोल्ड : एका वसाहतीच्या मालकाचे चरित्र

तौलनिक साहित्याच्या वर्गात जोसेफ कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही दीर्घकथा शिकवताना प्रस्तुत लेखकास एक अनुभव वारंवार आला आहे. निरनिराळ्या भाषांतून आलेले विद्यार्थी कुर्ट्‌झच्या अधःपातावर मोठ्या उत्साहाने बोलतात. मानवी मनातील आदिम अंधार, पाप, एकाकीपणा या विषयांवर निबंध लिहून आणतात. परंतु तो हस्तिदंत कोणासाठी गोळा होत होता, तो कोणत्या बंदरात उतरत होता आणि त्याचे पैसे कोणाच्या खात्यावर जमा होत होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कथेत ना त्या देशाचे नाव आहे, ना त्या राजाचे. कॉनरॅडने नावे गाळली ती कलेच्या गरजेपोटी. आपण मात्र ती गाळलेली नावे पुन्हा भरून घेण्याची तसदी घेतली नाही. त्या राजाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे. औद्योगिक युगातील युरोप वसाहतींच्या मागे का लागला, या प्रश्नाची चर्चा बहुधा राष्ट्रे, वर्ग, भांडवल अशा समूहवाचक संज्ञांनी होते. येथे तोच प्रश्न एका माणसाच्या हिशेबाच्या वहीतून तपासता येतो.

बेल्जियमचा राजपुत्र लिओपोल्ड ब्रुसेल्स येथे 9 एप्रिल 1835 रोजी जन्मला. त्यानंतर महिनाभरातच, 5 मे रोजी, ब्रुसेल्स ते मेखेलेन या मार्गावर युरोप खंडातील पहिली प्रवासी वाफेची आगगाडी धावली. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. 1830 मध्ये हॉलंडपासून फुटून निघालेला हा चिमुकला देश इंग्लंडच्या पाठोपाठ कारखानदारीच्या मार्गाला लागलेला होता. सेराँ येथील कॉकरिलचे लोखंडाचे व यंत्रांचे कारखाने, वालोनियातील कोळशाच्या खाणी, गेंट येथील कापडगिरण्या यांनी त्याला संपत्ती दिली होती. परंतु त्याच्यापाशी ना आरमार होते, ना वसाहत. नव्या देशाचा राजा म्हणून आणलेला पहिला लिओपोल्ड हा व्हिक्टोरिया राणीचा मामा. धाकटा लिओपोल्ड, म्हणजे आपला चरित्रनायक, हा राणीचा मामेभाऊ. आई लुईज ही फ्रान्सच्या लुई फिलिपची कन्या. ती 1850 मध्ये वारली. बाप मुलांशी फारसे बोलत नसे. अठराव्या वर्षी ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील मारी हेन्रिएट हिच्याशी त्याचा विवाह लावण्यात आला. तो उभयतांना सुखाचा झाला नाही, एवढे सांगून पुढे जाणे बरे.

तरुणपणी त्याला युद्धाचा वा काव्याचा नाद नव्हता. नाद होता तो नकाशांचा आणि व्यापारी आकडेवारीचा. इजिप्तमध्ये तो गेला, ग्रीसमध्ये गेला. अथेन्सच्या अक्रॉपोलिसवरून आणलेल्या संगमरवरी तुकड्यावर बेल्जियमला वसाहत हवी अशा अर्थाचे वाक्य कोरवून त्याने तो 1860 मध्ये अर्थमंत्र्यास भेट दिला. 1862 मध्ये सेव्हिल येथे राहून त्याने स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींचे जुने दप्तर चाळले. त्या वसाहतींतून स्पेनला पूर्वी किती उत्पन्न मिळाले, याचा तो हिशेब काढीत होता. 1864 मध्ये तो पूर्वेकडे निघाला. सिलोन, हिंदुस्थान, ब्रह्मदेश, पूर्वेकडील द्वीपसमूह असा हा प्रवास होता. आपल्या देशात येऊन गेलेल्या परकीय प्रवाशांच्या यादीत हे नाव आपण सहसा घेत नाही.

त्याच्या वाचनाबाबत एक प्रसंग साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये असा आहे. 1859 च्या अखेरीस ब्रुसेल्समधील एका सामान्य खाणावळीत, जावामधून नोकरी सोडून आलेला एदुआर्द डाउवेस डेकर हा कफल्लक डच अंमलदार एक कादंबरी लिहीत बसला होता. ‘मुल्टाटुली’ या टोपणनावाने 1860 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘माक्स हाव्हेलार’ ती हीच. डचांनी 1830 पासून जावात चालविलेली सक्तीच्या लागवडीची पद्धत, कॉफी व नीळ यांच्यासाठी शेतकऱ्यांची होणारी पिळवणूक आणि त्या पैशावर पुष्ट झालेले ॲमस्टरडॅमचे दलाल हे तिचे विषय होते. पुढच्याच वर्षी त्याच जावाविषयी एक इंग्रजी ग्रंथ निघाला. त्याचा कर्ता जे. डब्ल्यू. बी. मनी हा कलकत्त्याचा बॅरिस्टर. 1857 च्या उठावानंतर हिंदुस्थानचा कारभार कसा चालवावा या विवंचनेत त्याने जावाकडे पाहिले, आणि डचांची पद्धत त्याला शांततेची व भरघोस नफ्याची वाटली. त्याच एका लागवडीवर निघालेली ही दोन पुस्तके. ब्रुसेल्सच्या राजपुत्राने मन लावून वाचले ते मनीचे. वसाहत ही फायद्यात चालणारी पेढी होऊ शकते, आणि त्यासाठी सक्तीची मजुरी हा खात्रीचा उपाय आहे, हा धडा त्याने त्यातून घेतला. म्हणजे काँगोच्या कहाणीचे एक मूळ कलकत्त्यातही आहे.

1865 च्या डिसेंबरात तो गादीवर आला. बेल्जियमची राज्यघटना राजाला फारसे स्वातंत्र्य देणारी नव्हती, आणि तेथील कारखानदारांना व बँकवाल्यांना वसाहतीचे वेड नव्हते. त्यांचा माल युरोपात खपत होता. दूरच्या मुलखात पैसे गुंतवण्यातला धोका त्यांना परवडत नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इंग्रज अर्थचिंतक जे. ए. हॉब्सन याने 1902 मध्ये साम्राज्यवादाची मीमांसा करताना असे प्रतिपादन केले की, देशात खपत नसलेले अतिरिक्त भांडवल बाहेर वाट शोधते व त्यामागून लष्कर आणि झेंडा जातो. ही उपपत्ती पुष्कळ ठिकाणी लागू पडते. लिओपोल्डच्या बाबतीत मात्र भांडवल पुढे सरकायला तयार नव्हते. राजाच त्याच्या मागे लागला होता. त्याने निरनिराळ्या सरकारांशी बोलणी केली. फॉर्मोसा झाले, फिजी झाले, अर्जेंटिनातील जमिनी झाल्या. 1875 मध्ये फिलिपाइन्ससाठी स्पेनकडे केलेला प्रयत्नही फसला. दरम्यान घरी दुःखाचे प्रसंग आले. बहीण शार्लट मेक्सिकोची सम्राज्ञी म्हणून गेली. तिचा पती मॅक्सिमिलियन 1867 मध्ये बंदुकीच्या फैरीला बळी पडला आणि तिचे मन कायमचे बिघडले. 1869 मध्ये नऊ वर्षांचा एकुलता मुलगा तळ्यात पडून आलेल्या आजाराने गेला. मुली होत्या, पण मुलींना त्याने वारस मानलेच नाही.

विकत काही मिळत नाही हे पाहिल्यावर त्याने मार्ग बदलला. 1876 च्या सप्टेंबरात त्याने ब्रुसेल्सच्या राजवाड्यात भूगोलतज्ज्ञांची परिषद भरविली. निमंत्रित प्रवासी, शास्त्रज्ञ, परोपकारी गृहस्थ यांच्यासमोर व्यापाराचा शब्द न काढता त्याने गुलामांचा व्यापार बंद पाडणे, विज्ञानाचा प्रसार करणे व वाटसरूंसाठी ठाणी उभारणे एवढेच हेतू मांडले. आंतरराष्ट्रीय आफ्रिकी संघ स्थापन झाला आणि यजमानच त्याचा अध्यक्ष झाला. त्या सुमारास आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडून आत शिरण्याचे प्रयत्न चालू होते. ओझी वाहण्यास बैल चालत नसत, कारण तेथील त्सेत्से माशी त्यांना जगू देत नसे. त्यावर राजाने काढलेली युक्ती आपल्याशी संबंधित आहे. 1879 मध्ये चार शिकवलेले हिंदी हत्ती माहुतांसह मुंबईहून आगबोटीने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाठवण्यात आले. त्यांनी ओझी वाहावी व जंगली आफ्रिकी हत्तींना माणसाळवण्याच्या कामी उपयोगी पडावे, अशी अपेक्षा होती. चारांपैकी एकही जगला नाही. आपल्या माहुतांचे पुढे काय झाले, हे सांगणारे कोणीच नाही. इतिहासात हत्तींची नावे उरली आहेत, माहुतांची नाहीत.

खरी वाट सापडली ती पश्चिमेकडून. हेन्री मॉर्टन स्टॅन्ली हा 1877 च्या ऑगस्टमध्ये काँगो नदीच्या मुखाशी बोमा येथे येऊन पोहोचला आणि त्या प्रचंड नदीचा मार्ग नकाशावर आला. इंग्लंडने त्याच्या सूचनांत रस दाखविला नाही. लिओपोल्डने त्याला गाठले, 1878 मध्ये करार केला, आणि 1879 पासून पाच वर्षे स्टॅन्लीने धबधब्यांच्या कडेने वाट काढून, सुटे केलेले आगबोटींचे भाग माणसांच्या खांद्यांवरून नेऊन वरच्या नदीवर ठाणी बसविली. साडेचारशेहून अधिक स्थानिक प्रमुखांच्या खुणा करारपत्रांवर घेण्यात आल्या. कापडाच्या काही ठाणांच्या, दारूच्या बाटल्यांच्या मोबदल्यात आपण जमीन व मजुरी दोन्ही देऊन टाकत आहोत, हे त्यांपैकी बहुतेकांस कळण्याचा संभवच नव्हता. ते कागद त्यांना अज्ञात अशा भाषेत लिहिलेले होते.

मग मुत्सद्देगिरी. 1884 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने या संघाचा झेंडा मान्य केला. 1884 च्या नोव्हेंबरपासून 1885 च्या फेब्रुवारीपर्यंत बर्लिनला बिस्मार्कच्या घरी परिषद भरली. लिओपोल्ड स्वतः तेथे गेला नाही. परंतु बड्या राष्ट्रांचे परस्परांविषयीचे मत्सर त्याच्या कामी आले. फ्रान्सला तो मुलूख इंग्लंडच्या हाती जायला नको होता, इंग्लंडला फ्रान्सच्या हाती. मध्ये एक निरुपद्रवी दिसणारा राजा सर्वांनाच सोयीचा वाटला. शिवाय त्याने खुल्या व्यापाराचे वचन दिले होते. अशा रीतीने बेल्जियमच्या सुमारे 76 पट मोठा प्रदेश ‘काँगोचे स्वतंत्र राज्य’ या नावाने एका व्यक्तीच्या स्वाधीन झाला. तो बेल्जियमचा नव्हता, लिओपोल्डचा होता. मालकाने तेथे आयुष्यात एकदाही पाऊल टाकले नाही.

पहिली काही वर्षे हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरला. ठाणी, आगबोटी, पगारी फौज यांत राजाची खाजगी मालमत्ता विरघळत चालली. ओसाड जमीन राज्याच्या मालकीची, असा फतवा 1885 मध्येच निघालेला होता. आता त्याचा अर्थ गावकऱ्यांची राहती घरे व प्रत्यक्ष पेरलेली शेते सोडून उरलेले सारे जंगल असा लावण्यात आला. खुल्या व्यापाराचे वचन अशा तऱ्हेने न मोडता निकालात निघाले. कोणीही खुशाल व्यापार करावा. विकण्याजोगी प्रत्येक वस्तू आधीच राजाची झालेली होती. 1890 मध्ये त्याने बेल्जियमच्या संसदेकडून अडीच कोटी फ्रँकचे बिनव्याजी कर्ज मिळविले आणि मृत्युपत्राने काँगो देशाला देऊ केला. तरीही दिवाळे दूर नव्हते. त्याला वाचविले ते एका घरगुती शोधाने. 1888 च्या सुमारास जॉन बॉइड डनलॉप याने सायकलीसाठी हवा भरलेला टायर काढला. सायकलींचे वेड पसरले, पाठोपाठ मोटारी आल्या. तारायंत्रे, विजेच्या तारा, यंत्रांच्या नळ्या व पट्टे या साऱ्यांना रबर हवे होते. काँगोच्या अर्ध्याअधिक अरण्यात रबराच्या रानवेली होत्या. त्या कोणी लावल्या नव्हत्या, त्यांना खत घालावे लागत नव्हते, यंत्रसामग्री लागत नव्हती. लागत होते फक्त हात. येथे एक घाईही होती. सिलोन व मलायामध्ये रबराच्या झाडांचे मळे लागू लागले होते. ती झाडे चिकाला आली की रानरबराचा भाव उतरणार, हे राजा जाणून होता. तोवर जेवढे ओरबाडता येईल तेवढे ओरबाडावे, हा त्याच्या सगळ्या घाईचा अर्थ.

रबर गोळा होई ते असे. वेल झाडांच्या आधाराने उंच चढलेली. पुरुषांनी पाणथळ रानात दिवसच्या दिवस फिरायचे, वेल शोधायची, तिला छेद देऊन चीक थेंबथेंब पकडायचा. तो आळवण्यासाठी बहुधा स्वतःच्याच अंगावर, हातापायांवर माखून वाळवावा लागे आणि मग केसांसकट ओढून काढावा लागे. दर पंधरवड्यास माणशी तीन ते चार किलो वाळके रबर असा हप्ता पुष्कळ ठिकाणी होता. जवळच्या वेली संपल्या की आणखी दूर जायचे. लवकर चीक निघावा म्हणून वेल तोडली तर ती कायमची मरे आणि पुढल्या खेपेस आणखी दूर. शेतीला वेळ कोठला? माणूस अशा कामाला राजीखुषीने जात नाही. म्हणून गावातल्या बायकांना ओलीस धरून कोंडून ठेवीत. हप्ता आला की सुटका. पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक होता. बंडखोर गावांवर राज्याची फौज किंवा मक्तेदार कंपनीचे पहारेकरी जात. काडतुसे शिकारीत उधळली जाऊ नयेत म्हणून प्रत्येक काडतुसाचा हिशेब मागण्यात येई, आणि पुरावा म्हणून मारलेल्या माणसाचा उजवा हात कापून आणावा लागे. गोळी दुसरीकडे उडाली असेल तर जिवंत माणसाचा हात जाई. अधिकाऱ्यांना रबराच्या प्रमाणात बक्षिसी मिळत असल्याने या यंत्राला वंगण घालण्याची गरजच नव्हती. विक्षिप्त क्रौर्याच्या कथा म्हणून या गोष्टी वाचल्या तर त्यांचा अर्थ निसटतो. हात कापणे ही काटकसरीची उपाययोजना होती.

1892 मध्ये निघालेल्या एका मोठ्या मक्तेदार कंपनीच्या नावात ‘इंडिया रबर’ असे शब्द आहेत. रबराला इंग्रजीत जुन्या काळी तेच नाव असल्यामुळे आपल्या देशाचा त्यात निष्कारण उल्लेख आला. या कंपनीला रबर किलोमागे सुमारे 1.35 फ्रँकला पडे आणि अँटवर्पच्या बाजारात ते 10 फ्रँकपर्यंत विकले जाई. अशा कंपन्यांत राज्याचा, म्हणजे राजाचा, मोठा वाटा असे. 1890 ते 1904 या काळात काँगोचे रबरापासूनचे उत्पन्न 96 पटींनी वाढले. 1896 मध्ये बेल्जियमच्या कित्येक पट मोठा भूभाग खास राजाच्या खाजगीकडे तोडून घेण्यात आला. त्या पैशांतून लाकेनच्या राजवाड्याचा विस्तार झाला, ओस्टेंडच्या समुद्रकिनाऱ्यावर इमारती उठल्या, ब्रुसेल्सला 1905 मध्ये भव्य कमान उभी राहिली. 1898 मध्ये धबधब्यांना वळसा घालणारी मटाडीची आगगाडी सुरू झाली. ती बांधताना किती मजूर मेले याचे हिशेब कोणी नीट ठेवले नाहीत. कॉनरॅड 1890 मध्ये याच वाटेने पायी गेला होता.

याचा बोभाटा व्हावयास वेळ लागला. जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स या कृष्णवर्णीय अमेरिकी इतिहासकाराने 1890 मध्येच काँगोतून राजाला उघड पत्र लिहिले. दुसऱ्याच वर्षी तो वारला. विल्यम शेपर्ड या मिशनऱ्याने 1899 मध्ये धुरावलेले 81 तुटके हात स्वतः मोजले. परंतु चळवळ उभी राहिली ती एका कारकुनामुळे. एडमंड मोरेल हा लिव्हरपूलच्या एल्डर डेम्प्स्टर या आगबोट कंपनीत नोकर होता. काँगोची वाहतूक त्या कंपनीकडे असल्यामुळे त्याला अँटवर्पच्या धक्क्यावर जावे लागे. तेथे त्याने पाहिले ते एवढेच : येणाऱ्या बोटी रबर व हस्तिदंताने खच्चून भरलेल्या, जाणाऱ्या बोटींत अधिकारी, बंदुका आणि काडतुसे. व्यापारी माल जवळजवळ नाहीच. मोरेल आफ्रिकेत कधी गेला नव्हता. पण ज्या देशातून एवढा माल निघतो आणि त्याच्या मोबदल्यात काहीच जात नाही, तेथे व्यापार नसून सक्तीची मजुरी असली पाहिजे, हे त्याने आकड्यांवरून ताडले.

मराठी वाचकाला येथे दादाभाई नौरोजींची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. दादाभाई 1855 मध्ये कामा आणि कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. तिची पेढी त्याच लिव्हरपुलात होती. हिंदुस्थानची निर्यात आयातीहून सतत अधिक राहते आणि त्या अधिकाचा परतावा येत नाही, या आकड्यांवरून त्यांनी संपत्तीच्या ओहोटीचा सिद्धान्त मांडला. त्यांचा मोठा ग्रंथ 1901 मध्ये निघाला, आणि मोरेलने नोकरी सोडली तीही त्याच वर्षी. एकाने दुसऱ्याचे वाचले होते असा माझा दावा नाही. परंतु जकातीच्या कागदांतून माणसांच्या हालअपेष्टा वाचण्याची ही रीत दोघांची एकच आहे, आणि तिचा समावेश साहित्यविचारात व्हावा असे मला वाटते. मोरेलची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो खुल्या व्यापाराचा भक्त होता. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचा पाठिंबा त्याला होता तो काही केवळ भूतदयेपोटी नव्हे. इंग्रजांच्या वसाहतींविषयी त्या काळी तो पुष्कळच सौम्य होता.

1903 च्या मे महिन्यात ब्रिटिश संसदेने ठराव केला. वकील रॉजर केसमेंट नदीने वर जाऊन आला व त्याचा अहवाल 1904 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी काँगो सुधारणा संघ निघाला. ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईंनी घेतलेली छायाचित्रे सभांतून दाखवली जाऊ लागली. मार्क ट्वेनने 1905 मध्ये राजाच्या तोंडी घातलेले उपहासात्मक स्वगत लिहिले. लिओपोल्डने प्रत्युत्तरादाखल वृत्तपत्रे विकत घेतली आणि स्वतःच चौकशी मंडळ नेमले. ते आपल्याला निर्दोष ठरवील अशी त्याची अटकळ होती. साक्षी ऐकून त्या मंडळानेच 1905 मध्ये मुख्य आरोप खरे ठरविले.

शेवटी बेल्जियमने काँगो आपल्याकडे घ्यावा असे ठरले, आणि येथेही राजाने सौदा केला. 1908 च्या करारानुसार बेल्जियमने काँगोचे सुमारे 11 कोटी फ्रँकचे कर्ज अंगावर घेतले, राजाची अर्धवट बांधकामे पुरी करण्यासाठी 4 कोटी 55 लाख देण्याचे कबूल केले, आणि शिवाय काँगोसाठी त्याने घेतलेल्या श्रमांबद्दल कृतज्ञता म्हणून 5 कोटी. ते 5 कोटी काँगोतूनच वसूल व्हावयाचे होते. हस्तांतरापूर्वी ब्रुसेल्समध्ये राज्याचे दप्तर आठ दिवस भट्टीत जळत होते. किती माणसे मेली हे त्यामुळेही निश्चित सांगता येत नाही. पुढे 1919 मध्ये एका बेल्जियन मंडळाने स्टॅन्लीच्या काळापासून लोकसंख्या निम्मी झाली असावी असा अंदाज केला. 1924 च्या गणनेत ती सुमारे 1 कोटी भरली. देवी, निद्रारोग, उपासमार व घटलेले जन्म यांचा वाटा किती यावर इतिहासकारांत वाद आहेत. रबरामागे धावणाऱ्या उपाशी गावांत रोग अधिक पसरले, याबद्दल वाद नाही.

17 डिसेंबर 1909 रोजी लिओपोल्ड वारला. मरणापूर्वी काहीच दिवस त्याने ब्लांश देलाक्रोआ या आपल्यापेक्षा कितीतरी लहान असलेल्या प्रेयसीशी धर्मविधीने लग्न लावले होते. अंत्ययात्रेत ब्रुसेल्सच्या लोकांनी त्याची हुर्यो केली. ती काँगोसाठी होती असे मानण्याचे कारण नाही. ब्लांश, तिच्यावरची उधळपट्टी, मुलींशी चाललेले तंटे एवढ्यावरच त्यांचा राग होता. पुढे पुतळे उभे राहिले आणि शाळेच्या पुस्तकांत तो बांधकामांचा राजा झाला. काँगो 30 जून 1960 रोजी स्वतंत्र झाला. त्यानंतर बरोबर साठ वर्षांनी बेल्जियमचा राजा फिलिप याने त्या देशाच्या अध्यक्षांस खेद कळविणारे पत्र धाडले. त्याच महिन्यात अँटवर्पमधला लिओपोल्डचा एक पुतळा हलवण्यात आला होता.

ब्रुसेल्सजवळ टर्व्हुरेन येथे त्याने उभारलेले वस्तुसंग्रहालय त्याच्या मृत्यूनंतर 1910 मध्ये उघडले. त्याआधी, 1897 च्या उन्हाळ्यात, तेथे प्रदर्शन भरले होते. काँगोतून आणलेल्या 267 स्त्री-पुरुष-मुलांना बागेत झोपड्या बांधून ठेवण्यात आले, आणि दहा लाखांहून अधिक बेल्जियन प्रेक्षकांनी त्यांना पाहिले. थंड, पावसाळी हवेत त्यांतील सात जण मेले. त्यांच्या थडग्यांचे दगड आजही तेथील चर्चच्या आवारात भिंतीलगत आहेत. एकिया, गेम्बा, किटुक्वा, म्पेया, झाओ, सांबा, मिबांगे अशी त्यांची नावे.